विचारा की! : प्रिंटर चार हजारांचा, शाई दोन हजारांची

मागच्या महिन्यात सदराच्या शेवटी सहज लिहून गेलो की घरच्या प्रिंटरबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा. चूकच झाली. इतके मेल आले की वाचता वाचता दोन रविवार गेले, आणि त्यातले निम्मे प्रश्न नव्हतेच, नुसत्या शिव्या होत्या. त्या छापता येत नाहीत. उरलेल्यातले जमतील तेवढे घेतो. पहिल्याचं उत्तर लांबलंय, पण त्यात बाकीच्या बऱ्याच जणांची उत्तरं आलीत, तेव्हा सांभाळून घ्या.

दादा, मुलांच्या वर्कशीट आणि प्रोजेक्टसाठी ऑफरमध्ये 3,800 ला प्रिंटर घेतला. सोबत आलेली शाई दीड महिन्यात संपली. आता नवीन काळं कार्ट्रिज 900 आणि रंगीत 1,100, म्हणजे दोन्ही मिळून 2,000! आमचे मिस्टर म्हणतात यापेक्षा दर वेळी नवीन प्रिंटरच आणू. बॉक्सवर 120 पानं लिहिलंय, आमची 70 पण निघाली नाहीत. फसवलं का आम्हाला? आणि आता 14,000 चा टाकीवाला घ्यावा का? महिन्याला 40 एक पानं लागतात. — एक आई, चिंचवड

ताई, फसवलं असं म्हणता येणार नाही, कारण सगळं बॉक्सवर लिहिलेलं असतं, फक्त ती बाजू दुकानात भिंतीकडे असते.

आधी तुमच्याच आकड्यांनी हिशोब करू. 900 भागिले 120 म्हणजे साडेसात रुपये पान, आणि ही नुसती शाई. कागदाचे 60 पैसे धरा (500 कागदांचा रिम तीनशेच्या आसपास येतो), आठच्या वर गेलं. कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला काळं-पांढरं पान दोन-तीन रुपयांत देतो, व्हॉट्सॲपवर पाठवून काढलं तर फारतर पाच घेईल. आणि तुमची 120 नाही, 70च निघाली म्हणजे शाईच पानाला जवळपास तेरा रुपये पडली. तेरा रुपयांत चहा येतो हो ताई, आणि तो प्यायल्यावर बरं तरी वाटतं.

आता 120 ची 70 कशी झाली ते. हा पानांचा आकडा कंपनी हवेतून काढत नाही, त्याला आयएसओ 24711 नावाचं मानक आहे, ठरलेली नमुना पानं घ्यायची आणि कार्ट्रिज संपेपर्यंत सलग छापत सुटायचं. आपल्या घरी सलग कोण छापतं? मंगळवारी दोन पानं, मग थेट पुढच्या सोमवारी एक, आणि मधे प्रिंटर चालू केला की घुर्र घुर्र करून आधी स्वतःचं नाक साफ करतो, त्यातही शाईच जाते, आणि ती कागदावर न जाता आत एका स्पंजमध्ये जाते. दुसरं म्हणजे साध्या मजकुराच्या पानावर जेमतेम 5 टक्के भागावर शाई पडते असं धरायची पद्धत आहे. तुमच्या मुलाचं 'पाणी वाचवा' चं पोस्टर आठवा, वरून खालपर्यंत निळं. तसल्या एका पानात मजकुराची दहा-पंधरा पानं सहज बसली असती.

रंगीत कार्ट्रिजचा जाच आणखी वेगळा. त्या एका डबीत तीन कप्पे असतात, निळसर, गुलाबी, पिवळा. पोस्टरमुळे निळा संपला की बाकीचे दोन अर्धे भरलेले असले तरी अख्खी डबी फेकायची. स्वस्त प्रिंटर बहुतेक याच जातीचे असतात. वर आणखी एक, काळं-पांढरं पान काढतानाही सेटिंग तशीच ठेवली तर बरेच प्रिंटर रंग मिसळून काळा बनवतात. प्रिंट द्यायच्या आधी ग्रेस्केलवर टिक करा आणि त्याच्या खाली 'फक्त काळी शाई' असा पर्याय असेल तर तोच निवडा. आणि शाई कमी आहे असा पिवळा त्रिकोण दिसला की लगेच बाजारात धावू नका, अक्षर फिकट येईपर्यंत चालवा. काही मॉडेल स्वतःहून संपावर जातात, त्यांना इलाज नाही.

मिस्टरांची आयडिया मलाही एकदा सुचली होती. पण बऱ्याच प्रिंटरसोबत येणारी कार्ट्रिज 'सेटअप' ची असतात, नेहमीच्यापेक्षा कमी भरलेली. ज्यानं हे दुकान मांडलंय त्यानं तुमच्या मिस्टरांचा विचार आधीच करून ठेवलाय.

आणि प्रिंटर इतका स्वस्त का, हे तर आता कुणी लपवतही नाही. जानेवारी 2024 मध्ये एचपीचे तेव्हाचे प्रमुख एनरिक लोरेस एका टीव्ही मुलाखतीत सरळ बोलून गेले की ग्राहक प्रिंटर घेतो तेव्हा ती आमची त्याच्यात केलेली गुंतवणूक असते, आणि तो पुरेसं छापत नसेल किंवा आमची शाई घेत नसेल तर ती गुंतवणूक वाईट ठरते. म्हणजे आपण 3,800 मोजून घरी आलो आणि ते म्हणतात आम्ही तुमच्यात पैसे गुंतवले! महिन्याला 40 पानं काढणारी तुमच्यासारखी गिऱ्हाइकं म्हणजे त्यांची बुडीत खाती.

आता टाकीवाला, म्हणजे ज्यात कार्ट्रिज नसतं, शाईची टाकी बाटलीनं भरायची असते तो. त्याच्या शाईची बाटली पाच-सहाशेच्या आत येते आणि काळी बाटली हजारो पानं चालते, एप्सनच्या 003 नंबरच्या 65 मिलीच्या काळ्या बाटलीवर कंपनी 4,500 पानं सांगते. म्हणजे शाईचा खर्च दहा-बारा पैशांवर आला. ऐकायला झकास. पण तुम्ही 14,000 कुणाच्या विरुद्ध मोजताय ते बघा. कार्ट्रिजच्या विरुद्ध मोजले तर पानामागे सात रुपये वाचतात, दोन हजार पानांत पैसे वसूल, महिना 40 नं चार वर्षं. झेरॉक्सवाल्याच्या तीन रुपयांविरुद्ध मोजले तर पानामागे सव्वादोन-अडीचच वाचतात, म्हणजे सहा हजार पानं, म्हणजे बारा वर्षं. तोवर पोरगं नोकरीला लागेल आणि कंपनीच्या प्रिंटरवर फुकट काढेल.

म्हणून माझं म्हणणं, टाकीवाला घेऊ नका. आहे तो प्रिंटर पण विकू नका, कारण त्यातला स्कॅनर चांगला असतो आणि त्याला शाई लागत नाही. वर्कशीटचा गठ्ठा असेल तेव्हा पेनड्राइव्ह घेऊन खाली जा. घरचा प्रिंटर फक्त त्या प्रसंगासाठी ठेवा जो प्रत्येक घरात येतो, रात्री साडेनऊला लेकरू म्हणतं, आई उद्या प्रोजेक्ट द्यायचाय. त्या पानाचे तेरा रुपये झाले तरी द्यावेत. तुमच्या मॉडेलला एक्सएल कार्ट्रिज चालत असेल तर पुढच्या वेळी तेच घ्या, डबी तीच असते, शाई जास्त, पान थोडं स्वस्त पडतं. आणि आठवड्यातून एक रंगीत पान काढत जा, नाहीतर पुढच्या पत्रातल्या काकांसारखं होईल.

मी निवृत्त शिक्षक. सोसायटीचा सेक्रेटरी असल्याने महिन्यातून एकदा नोटिसा आणि मेंटेनन्सची बिलं काढतो. दर वेळी प्रिंट काढायला जावं तर रेघा येतात, शाई भरलेली असूनही. तीन कार्ट्रिज वाया गेली. मी गावी गेलो की महिना-दीड महिना प्रिंटर बंदच असतो. — कराड

काका, शाई म्हणजे शेवटी पाणीच की हो, रंग घातलेलं. हेड म्हणजे कागदावर शाई फवारणारा भाग, त्याची छिद्रं केसापेक्षा बारीक, त्यात ती वाळते. त्यात तुम्ही प्रिंटर त्याच्या बटणानं बंद न करता भिंतीवरच्या स्विचनं करत असाल (शिक्षकांना शाळेतली सवय असते, निघताना मेन स्विच), तर हेड त्याच्या जागेवर जाऊन टोपी घालूनच घेत नाही, उघडाच राहतो. वाळेल नाही तर काय होईल.

तुमच्या कामाला इंकजेट, म्हणजे असा शाईवाला प्रिंटर, नकोच. काळा-पांढरा लेझर घ्या. त्यात शाई नाही, टोनरची पावडर असते आणि पावडर वाळत नाही, सहा महिन्यांनी लावा, पहिलं पान कडक येणार. किंमत जास्त आहे आणि रंग विसरा, पण मेंटेनन्सच्या बिलाला रंग कशाला, थकबाकीदाराला ते काळ्या अक्षरातही कळतं.

लेझर म्हटलं की आपल्याकडे एचपीचा लेझरजेट 1020 आणि कॅननचा एलबीपी 2900 आठवतात. सीए, वकील, तलाठी, शाळेचं ऑफिस, कुठेही जा, यातला एक धूळ खात पण चालू स्थितीत असायचाच. एकात 12ए कार्ट्रिज, दुसऱ्यात 303, आणि रिफिलवाला दोन्हींसाठी एकच पावडरची बाटली काढायचा कारण आतून दोन्ही भाऊ-भाऊ, एचपीच्या लेझरची इंजिनं, म्हणजे आतली छापायची यंत्रणा, 1984 च्या पहिल्या लेझरजेटपासून बहुतेक कॅननचीच. कंपनी एका कार्ट्रिजची 2,000 पानं सांगते, आणि आपले रिफिलवाले तेच कार्ट्रिज उघडून, पावडर भरून, ड्रम आणि ब्लेड खराब झालं असेल तर बदलून परत देतात, अडीचशे-तीनशे रुपयांत. नवीन लेझर घेताना दुकानात एकच विचारा, याचं टोनर गावात रिफिल होतं का. हल्ली बऱ्याच मॉडेलच्या टोनरवर चिप असते, दर रिफिलला ती पण बदलावी लागते. कराडात ज्याच्याकडे तुम्ही जाणार त्यालाच आधी फोन करून विचारा, तो सांगेल कुठलं मॉडेल त्याला आवडतं. त्याला आवडतं तेच घ्या.

क्लासेस घेते, आठवी ते दहावी. महिन्याला 500 पानं, सगळी काळी. दुकानात 2 रुपयांनी पडतात. टाकीवाला घेऊ का? — सांगली

घ्या. मॅडम, तुमचं गणित तुम्ही माझ्याआधी केलंच असणार. कागद धरून घरी 70-75 पैसे, पानामागे सव्वा रुपया वाचला, 500 पानांचे सव्वासहाशे, म्हणजे 22-23 महिन्यांत 14,000 वसूल, शिवाय परीक्षेच्या आदल्या दिवशी दुकानातली रांग वाचली ती वेगळी. वॉरंटी नीट वाचा फक्त, ती बहुतेक वेळा एक वर्ष किंवा अमुक इतकी पानं, जे आधी होईल ते, अशी असते.

गंमत सांगतो. हा टाकीवाला प्रकार कंपन्यांच्या डोक्यातून निघाला असं वाटतं ना, पण आधी तो लोकांनी केला. आपल्याकडे नाही का दुकानदार प्रिंटरच्या बगलेला चार प्लास्टिकच्या डब्या चिकटवून त्यातून नळ्या आत सोडायचे, फोटो स्टुडिओत तर सर्रास. इंडोनेशियातही हेच चालायचं, आणि एप्सननं शेवटी लोकांशी भांडण्यापेक्षा 2010 मध्ये तिथेच स्वतःचा टाकीवाला प्रिंटर काढला, मग आपल्याकडे आला. पुढे कॅनन, एचपी, ब्रदर, सगळे त्याच रांगेत. म्हणजे जुगाडवाल्यांनी कंपनीला शिकवलं, रॉयल्टी मात्र कुणाला मिळाली नाही.

माझ्या प्रिंटरला लॅमिंग्टन रोडवरून 350 चं कंपॅटिबल कार्ट्रिज आणून लावलं होतं. वर्षभर मस्त चाललं. परवा प्रिंटरनं आपोआप अपडेट घेतलं आणि आता म्हणतो हे कार्ट्रिज चालणार नाही. प्रिंटर माझा, पैसे माझे, मग हा कोण सांगणारा? — डोंबिवली

तुमचा प्रश्न अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन आलाय, साहेब. 2017 मध्ये लेक्समार्क कंपनीच्या खटल्यात कोर्टानं सांगितलं की कार्ट्रिज एकदा विकलं की त्यावरचा कंपनीचा पेटंटचा हक्क संपला, दुसरा कुणी ते भरून विकत असेल तर पेटंट दाखवून अडवता येणार नाही. पण कोर्ट पेटंटबद्दल बोललं, चिपबद्दल नाही. आणि कंपन्यांनी तर आधीपासूनच कार्ट्रिजवर चिप बसवून ती ओळखायचं काम प्रिंटरच्या सॉफ्टवेअरला दिलं होतं.

या निकालाच्या आधीच, 13 सप्टेंबर 2016 ला, जगभरातले एचपीचे बरेच ऑफिसजेट एकाच दिवशी बाहेरची कार्ट्रिज नाकारायला लागले होते. इतका आरडाओरडा झाला की कंपनीनं नीट सांगितलं नाही म्हणून माफी मागितली आणि ती अडवणूक काढणारं अपडेट दिलं. पण पद्धत गेली नाही, तिला 'डायनॅमिक सिक्युरिटी' असं छान नाव आहे, बॉक्सवर बारीक अक्षरात असतं. इटलीच्या स्पर्धा आणि बाजार प्राधिकरणानं 2020 मध्ये याच कारणावरून, ग्राहकाला घेतानाच स्पष्ट सांगितलं नाही म्हणून, एचपीला 1 कोटी युरोचा दंड ठोकला.

तुमच्यापुरतं सांगायचं तर ज्या दुकानातून घेतलं तिथेच परत जा, हे लोक चिपचं नवं व्हर्जन आलं की जुनं कार्ट्रिज बरेचदा बदलून देतात, त्यांचा धंदाच त्यावर चालतो. मग प्रिंटरच्या सेटिंगमध्ये जाऊन ऑटो अपडेट बंद करा. आणि घेताना बॉक्सवर असं काही लिहिलेलं नव्हतं, दुकानदारही बोलला नव्हता असं असेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, मराठीत बोलता येतं. बिल जवळ ठेवा, त्याशिवाय पुढचं काही होत नाही.

एक मात्र, कंपॅटिबल म्हणजे डुप्लिकेट नव्हे. कंपॅटिबलवाला स्वतःच्या नावानं विकतो, ते ठीक. पण मूळ कंपनीचा हुबेहूब बॉक्स, होलोग्राम आणि किंमत निम्मी, असं दिसलं तर ती नक्कल, तिथून सटकायचं.

अमेरिकेत राहते. इथे शाईचं महिन्याचं सबस्क्रिप्शन मिळतं, इतक्या पानांचे इतके डॉलर, कार्ट्रिज घरपोच. घ्यावं का? — न्यू जर्सी

दर महिन्याला साधारण तेवढीच पानं निघत असतील तर परवडतं. एकच लक्षात ठेवा, अशा योजनेत आलेलं कार्ट्रिज तुमचं नसतं, भाड्याचं असतं. योजना बंद केलीत की आत शाई असली तरी बिलाचा महिना संपल्यावर ते चालायचं थांबतं. आणि पानं मोजली जातात, शाई नाही, त्यामुळे फोटो काढणाऱ्याला फायदा आणि एका ओळीचं पान काढणाऱ्याला तोटा. दिवाळी फराळाच्या मेन्यूचे रंगीत कागद काढायचे असतील तर योजना चालू असतानाच काढून घ्या.

इंजेक्शननं घरीच शाई भरली तर? — एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

भरता येते. वरचं स्टिकर काढायचं, त्या स्टिकरखाली छिद्रं असतात, सुई हळू घालून थेंब थेंब सोडायचं, फोम भिजला की थांबायचं. ज्या कार्ट्रिजला हेड स्वतःलाच जोडलेलं असतं ती दोन-तीनदा भरता येतात, पुढे हेड जळतं. रंगीतमध्ये कुठल्या छिद्रात कुठला रंग ते आधी काडी घालून बघ, एकदा चुकलं की सगळं शेवाळी येतं.

मी 2006-07 च्या सुमारास हे करायला गेलो होतो. बेडवर. बायकोनं त्यावर नवीनच घातलेली चादर होती. मतदानाला एक बोट काळं होतं, माझी दहाही झाली होती, आठवडाभर ऑफिसात लोक विचारायचे किती बूथवर जाऊन आलास. चादर अजून आहे, पोछ्याला. तेव्हा कर, पण बाथरूममध्ये, रद्दी अंथरून, हातमोजे घालून.

टाकीवाला प्रिंटर चार वर्षांनी अचानक बंद, दोन लाईट लुकलुकतात, स्क्रीनवर इंक पॅड भरलं असं काहीतरी. दुकानदार म्हणतो आयुष्य संपलं, नवा घ्या. — नाशिक

आयुष्य नाही, स्पंज संपला. वर सांगितलं ना, साफसफाईची शाई आतल्या एका स्पंजमध्ये जाते, त्यालाच पॅड म्हणतात. किती शाई गेली ते प्रिंटर स्वतः मोजतो आणि आकडा भरला की बंद पडतो. पॅड बदलून मोजणी शून्यावर आणली की पुन्हा चालू, नव्या प्रिंटरच्या मानानं किरकोळ काम. दुसऱ्या दुकानात जा. पण तिथला पोरगा नुसतं सॉफ्टवेअर लावून पाच मिनिटांत रिसेट करून देतो म्हणाला तर पॅड पण बदलायला लावा, नाहीतर ती शाई एक दिवस खालून टेबलावर येईल. नवीन काही मॉडेलमध्ये हा स्पंज एका डबीत असतो, ती आपली आपण काढून बदलता येते, घेताना विचारून बघा.

रिकामी कार्ट्रिज कचऱ्यात टाकली तर चालतात का? ओला की सुका? — ठाणे

दोन्ही नाही. प्रिंटर आणि त्याची कार्ट्रिज दोन्ही ई-कचऱ्याच्या सरकारी यादीत आहेत, 2022 चे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू झाले आणि त्यात रिसायकलिंगची जबाबदारी उत्पादकावर टाकलीय. त्यामुळे कंपनीच्या साइटवर जुनं परत घ्यायचं पान शोधा, नाहीतर सोसायटीत ई-कचऱ्याची गाडी येते तेव्हा द्या. त्याआधी रिफिलवाल्याला विचारा, काही रिकामी कार्ट्रिज ते पैसे देऊन घेतात, विशेषतः लेझरची. माझ्या ड्रॉवरमध्ये अकरा पडलीत, 'कधीतरी देऊ' म्हणून ठेवलेली. त्यातलं एक अजून गळतंय.